कानगोष्टी : तोल मोजला, पैसेही मोजले

या खेपेला चक्करेची पत्रं इतकी आली की बहिरेपणाच्या दोन पत्रांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार. त्यांनी रागावू नये. ऑडिओलॉजिस्ट म्हणून सव्वीस वर्षं मी फोंड्याकडे काम केलं. त्यातली निम्मी कान तपासण्यात गेली, निम्मी "मॅडम, हे बिल एवढं कसं?" याचं उत्तर देण्यात. तेव्हा आजचा विषय माझ्या चांगल्या ओळखीचा.

माशेलहून एक वाचक लिहितात : ताई, सप्रेम नमस्कार. आईचं वय ७१, मधुमेह पंधरा वर्षांचा. दोन-तीन महिने झाले, ती सारखी "म्हाका घुंवळ येता" म्हणते. पहाटे उजव्या कुशीवर वळली की घर फिरतं, थोड्या वेळात थांबतं. कुळागरात पाडेली नारळ पाडायला माडावर चढला होता, त्याच्याकडे वर बघताना ती मागच्या मागे कलंडली. मी शेजारी होतो म्हणून वाचली. शिवाय तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा लावायला जाताना तिचे पाय लटपटतात. एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. "एक दिवस ॲडमिट करा, इन्शुरन्समधून होईल," म्हणाले. 'व्हर्टिगो पॅकेज'चे १८,४०० रुपये झाले. त्यात 'कॉम्प्युटराइज्ड डायनॅमिक पोश्चरोग्राफी' ४,५०० आणि 'स्टॅबिलिटी ॲनालिसिस' २,५०० अशा दोन ओळी आहेत. विमा कंपनीने 'एक्सक्लूजन ०४' असं लिहून दावा फेटाळला. आई सांगते, "एका पाटार उभी केली, मागीर पाटार मऊ गादी घाली, दोळे धांपूंक सांगले. जालें." रिपोर्टची प्रत सोबत आहे. ही तपासणी गरजेची होती का? पैसे परत मिळतील का?

आधी आईचं बघू, पैशांचं मागाहून. बिलातली 'पोश्चरोग्राफी' म्हणजे मशीनवर उभं करून तोल मोजायची चाचणी, तिच्याकडे येतेच.

घुंवळ या एका शब्दात आपण गोव्यात सगळंच कोंबतो. घर फिरणं वेगळं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं आणि पाय स्थिर न राहणं वेगळं. तुमच्या आईच्या तक्रारी दोन आहेत, आणि दोन्हींची मोट एकाच पॅकेजमध्ये बांधली, तिथेच पहिली गडबड झाली.

कुशीवर वळताना किंवा वर बघताना घर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, हे ऐकल्यावर कानाच्या डॉक्टरच्या मनात आधी एकच गोष्ट येते. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. त्यांतले काही जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात, डोकं हललं की तिथे घरंगळतात, आणि मेंदूची समजूत होते की आपण गरगरतो आहोत. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. हे ओळखायची रीत डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली लिहून ठेवली आहे. रुग्णाला कॉटवर बसवायचं, मान एका बाजूला ४५ अंश वळवायची, पटकन मागे आडवं करायचं आणि डोळ्यांकडे बघत राहायचं. बुबुळं ठरावीक तऱ्हेने उडू लागली की निदान झालं. मग एप्लीच्या पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून खडे मूळ जागी घालवायचे. पुष्कळांना एका-दोन बैठकांत उतार पडतो. सामान काय लागतं? एक कॉट, आणि गरगरत असतानाही डोळे उघडे ठेवण्याचा रुग्णाचा निग्रह. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ सालच्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की हे निदान जुळत असेल आणि दुसरं काही शंकेचं लक्षण नसेल, तर स्कॅन नको आणि मशीनवरच्या तोलाच्या चाचण्याही नकोत.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत कॉटवरच्या या चाचणीची ओळ मला कुठे दिसली नाही. केली असेल आणि लिहायची राहिली असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. केलीच नसेल तर गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कान-नाक-घसा ओपीडीत आईला एकदा दाखवा. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी मान फिरवायच्या भानगडीत मात्र पडू नका. एकाहत्तरीची मान आहे ती.

आता संध्याकाळचे पाय. आपण उभे राहतो ते तिघांच्या जिवावर: डोळे, आतला कान, आणि तळपाय व सांधे जमिनीची जी खबर वर पाठवतात ती. पंधरा वर्षांच्या साखरेने तळपायांची खबर बहुधा मंदावली आहे. दिवसा डोळे ती उणीव भरून काढतात, तिन्हीसांजेला डोळेही हात टेकतात. आईला विचारून बघा, तोंड धुताना डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं का? 'हो' म्हणाली तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. बर्लिनच्या रोमबर्गने एकोणिसाव्या शतकात पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची जी चाचणी रूढ केली, तिच्यात हेच तर बघतात. तिच्या जोडीला कंप-काट्याने (ट्यूनिंग फोर्कने) तळपायाची संवेदना, रक्तातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व, आणि पाच मिनिटं आडवं ठेवून मग उभं केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला बीपी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करेचं कारण कानात नसून बीपीच्या गोळीतही सापडू शकतं.

या दुसऱ्या तक्रारीसाठी तोलाचं मशीन उपयोगी पडू शकतं. ते रोगाचं नाव सांगत नाही. तिघांपैकी कोणावर माणूस किती भिस्त ठेवतो एवढं सांगतं. व्यायाम कुठून सुरू करायचा आणि दोन महिन्यांनी फरक पडला का, हे त्यावरून कळतं. तेव्हा चाचणीआधी डॉक्टरांना एकच विचारायचं: "हा रिपोर्ट आल्यावर आईच्या उपचारात काय बदलेल?" या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही तर मी चार हजार काढणार नाही.

खरी 'डायनॅमिक' चाचणी कशी असते ते सांगते, म्हणजे तुमचं बिल वाचता येईल. तीन बाजूंनी भिंती असलेल्या खोक्यात रुग्णाला अनवाणी उभं करतात. अंगावर पट्ट्यांचं जाकीट असतं, वरून टांगलेलं, पडू नये म्हणून. पायाखालची पाटी हलते, समोरची भिंतही हलते. स्थिती सहा: डोळे उघडे, डोळे मिटलेले, भिंत हलती, पाटी हलती, पाटी हलती आणि डोळे मिटलेले, पाटी आणि भिंत दोन्ही हलत्या. प्रत्येक स्थिती वीस सेकंदांची, साधारण तीन-तीन वेळा. गुण शून्य ते शंभर. जराही न डुलणाऱ्याला शंभर, पडणाऱ्याला शून्य. पहिल्या चार स्थितींत ठीक आणि पाचव्या-सहाव्यात कोसळला तर संशय आतल्या कानावर. रिपोर्टवरच्या आलेखात या सहांचे सहा खांब असतात.

तुमच्या आईच्या रिपोर्टवर चार खांब आहेत.

आणि ती सांगते ती मऊ गादी! घट्ट पाटी, त्यावर फोम. डोळे उघडे, डोळे मिटलेले. झाल्या चार स्थिती. ही चाचणी वाईट नाही, मी स्वतः शेकडो केल्या आहेत. पण पायाखालची जमीन हलली नाही, भिंत हलली नाही, मग बिलावर 'डायनॅमिक' हा शब्द आला कुठून? सुरमईच्या दराने बांगडा विकल्यासारखं झालं हे. बांगडाही मी आवडीने खाते, पण बांगड्याच्या दराने.

दुसरी ओळ 'स्टॅबिलिटी ॲनालिसिस'. अशी एक वेगळी चाचणी असते खरी. पडद्यावरच्या ठिपक्याच्या मागे माणसाने आठ दिशांना पाय न उचलता झुकायचं असतं. आईला तसं झुकवल्याचं ती सांगत नाही, आणि तुम्ही पाठवलेल्या प्रतीत आठ दिशांची आकृती नाही. म्हणजे एकाच चाचणीच्या दोन ओळी झाल्या असण्याची शक्यता मोठी आहे.

रिपोर्टचा वरचा कोपराही बघा. वय आणि उंची तिथे असते. उंची कशाला, असं सगळेच विचारतात. एकदा माझ्या हातून १५६ सेंटिमीटरच्या एका आजींची उंची १७६ टाकली गेली. शनिवार होता, बाहेर रांग होती. पाटीवरच्या दाबावरून शरीर किती अंशांत डुललं हा हिशेब मशीन उंची धरून करतं. उंची जास्त टाकली की तेवढंच डुलणं कमी अंशांचं दिसतं आणि गुण वाढतात. आजींना माझ्यापेक्षा चांगले गुण मिळाले! मी कौतुकही केलं. रात्री जेवताना डोक्यात लख्ख पडलं, कारण त्या खोलीत शिरल्या होत्या त्या भिंतीला हात लावत लावत. सोमवारी त्यांना परत बोलावलं, पैसे न घेता चाचणी पुन्हा केली, आणि खरे गुण काही कौतुकाचे नव्हते. त्या दिवसापासून उंची मी टेप लावूनच टाकत आले. तुमच्या आईची लिहिलेली उंची १६८ आहे. ती खरंच एवढी उंच आहे का हो?

आता पैसे. विमा कंपनीशी भांडू नका, इथे तुमची बाजू लंगडी आहे. विमा नियामकाने २०१९ साली सगळ्या कंपन्यांसाठी वगळण्याच्या कलमांची भाषा एकसारखी केली. त्यातलं चौथं कलम म्हणतं की मुख्यतः तपासणीसाठीच ॲडमिट झाल्याचा खर्च मिळणार नाही. आणि तुमच्या डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या जागी काय लिहिलंय? 'गिडिनेस अंडर इव्हॅल्युएशन', म्हणजे चक्कर, तपासणी चालू. एवढं वाचल्यावर दावा तपासणाऱ्याने पुढचं पान उलटलंही नसेल. आईवर त्या दिवशी उपचार झालेच नव्हते, फक्त चाचण्या झाल्या. त्या ओपीडीत होण्यासारख्या होत्या, रात्र काढायची गरज नव्हती. पॉलिसीत ओपीडीचा वेगळा लाभ असेल तर तेवढा मागा, पान शोधा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे म्हणून काही वाचक विचारतात. तिथे मान्य उपचारांची ठरलेली यादी आहे. नुसत्या तपासणीसाठी ते कार्ड पुढे करून उपयोग नाही.

भांडण हॉस्पिटलशी आहे, आणि ते आवाज न चढवता होतं. बिलिंग खिडकीवर उभं राहून नको, तिथली मुलगी पगारी, तिच्या हातात काही नाही. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे एक पानी पत्र द्या आणि पोच घ्या. पॅकेज फोडून प्रत्येक चाचणीचं नाव व दर लेखी मागा. 'डायनॅमिक' चाचणीच्या सहाही स्थितींचे आलेख मागा. 'स्टॅबिलिटी'चा स्वतंत्र रिपोर्ट मागा. रिपोर्टवर सही कोणाची आणि ऑडिओलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक कुठे, तेही विचारा. आलेख नसतील तर ती ओळ कमी करून सुधारित बिल आणि फरकाची रक्कम मागायची. माझ्या अनुभवात असं मुद्देसूद पत्र गेलं की लेखाशाखेला 'टायपिंगची चूक' लगेच सापडते. नाहीच सापडली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. "इन्शुरन्समधून होईल" हे तोंडी होतं की कुठे लिहून दिलंय? लिहिलेला कागद असेल तर तो जपून ठेवा.

एक राहिलं. चक्करेबरोबर बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहवेना, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

म्हापशाहून, बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक : मुलगी न्यू जर्सीत असते. गाडीच्या अपघातानंतर तिला चक्कर येते. तिथल्या तोलाच्या चाचणीच्या बिलावर एकाच तारखेला ९२५४८ आणि ९२५४९ असे दोन कोड आहेत. "पप्पा, तुम्ही आयुष्यभर व्हाउचरं तपासलीत, हे बघा," असं म्हणते. मला आकडे कळतात, औषधोपचार कळत नाही.

तुमच्या मुलीने बरोबर माणूस धरला. आपल्याकडे हॉस्पिटल चाचणीला देईल ते नाव. तिथे प्रत्येक कामाला अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा पाच आकडी कोड असतो. १ जानेवारी २०२० पासून ९२५४८ चा अर्थ वर सांगितलेली सहा स्थितींची चाचणी, अर्थ लावून रिपोर्ट देण्यासकट. ९२५४९ म्हणजे तीच चाचणी अधिक आणखी दोन: पाटी अचानक पुढेमागे सरकवून शरीर किती लवकर सावरतं ते बघणं, आणि पाटी वारंवार तिरकी करून शरीर त्याला सरावतं का ते बघणं. म्हणजे ९२५४९ च्या पोटात ९२५४८ आलाच. एकाच दिवशी दोन्ही लावले तर एकच व्हाउचर दोनदा वटवल्यासारखं.

तिला दवाखान्याकडून तपशीलवार बिल मागायला सांगा आणि विमा कंपनीच्या लाभ-विवरणाशी ओळीला ओळ ताडून बघा. रिपोर्टमध्ये सहाच खांब असतील आणि पाटी सरकवल्याची पानं नसतील तर ९२५४९ उडायला हवा. पानं असतील तर ९२५४८ उडायला हवा. तिथल्या काही खाजगी विमा कंपन्या ही चाचणी 'अजून सिद्ध न झालेली' म्हणून नाकारतात. तसं झालं तर आधी कंपनीकडेच अपील, सोबत चाचणीने उपचारात काय ठरलं याचं डॉक्टरांचं पत्र. तिथेही नकार आला तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते. त्यासाठी अंतिम नकारापासून चार महिने असतात. तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा, बँकेतली सवय उपयोगी पडेल.

डिचोलीहून एक मोटरसायकल पायलट : मॅडम, मागच्या वर्षी गिऱ्हाईक घेऊन जाताना ट्रकने ठोकलं. डोक्याला मार. तेव्हापासून तोल जातो, धंदा बंद. मोटार अपघात दावा लवादासाठी तोलाची चाचणी करून घेतली, तर रिपोर्टवर 'ॲफिजिओलॉजिक पॅटर्न' लिहिलंय. समोरचा वकील म्हणतो, याचा अर्थ मी नाटक करतो. मी नाटक करत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या शब्दाचा अर्थ 'नाटक' नाही. सोप्या स्थितीत गुण कमी आणि कठीण स्थितीत जास्त, किंवा एकाच स्थितीच्या तीन फेऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक, असं दिसलं की मशीनचा हिशेब जुळत नाही आणि हा शेरा पडतो. मुद्दाम डुलणाऱ्याचं असं होतं, हे खरं. पण घाबरलेल्याचंही होतं, मानेत कळ असलेल्याचं होतं, आणि काय करायचं ते न समजलेल्याचं तर हमखास. जाकिटात टांगलेला माणूस पहिल्या फेरीत अंग ताठ करतो, पाचव्या स्थितीपर्यंत जरा सैलावतो. मी असे कितीतरी बघितले. इंग्रजीतून "स्टँड स्टिल" ऐकून काही जण श्वाससुद्धा रोखून धरतात.

तुम्हाला सूचना कुठल्या भाषेत दिल्या होत्या? आधी सरावाची फेरी दिली होती का? त्या दिवशी चक्करेची किंवा झोपेची गोळी पोटात होती का? आदल्या रात्री दारू घेतली होती का, तेही सांगा. फेणीचा दोष नाही म्हणणारे मला पुष्कळ भेटले, पण दारू आतल्या कानातल्या द्रवात उतरते आणि तिचा परिणाम नशा उतरल्यावरही काही तास राहतो. या सगळ्यांची उत्तरं लिहून काढा आणि डॉक्टरांना चाचणी पुन्हा करायला सांगा. शक्यतो सकाळी, कोकणीतून समजावून. गोळ्या किती वेळ आधी थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनाने बंद करू नका. फक्त या एका मशीनवर विसंबू नका. मान झटकन वळवून डोळ्यांची प्रतिक्रिया मोजणारी चाचणी आणि कानात गरम-थंड पाणी किंवा हवा सोडून करायची चाचणी, या दोन्हींत रुग्णाला मुद्दाम फारसं काही करता येत नाही. म्हणून वकिलापुढे त्यांचं वजन जास्त. तुमच्या वकिलाला सांगा, चाचणी करणाऱ्याला उलटतपासणीत एवढंच विचारा की हा शेरा भीतीनेही येऊ शकतो की नाही. प्रामाणिक माणूस 'हो' म्हणेल.

आणि फेरतपासणीला जाताना गाडी तुम्ही चालवू नका. स्टँडवरच्या एखाद्या सोबत्याला सांगा आणि मागे बसून जा. भाडं त्याने घेतलं तर मला कळवा.